गाडीचा फ्यूज: शोधायचा कसा, बदलायचा कसा आणि पुन्हा उडाला तर काय करायचं

जुलैतला पाऊस होता. कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो आणि घाट उतरण्याआधी आंबा गावात चहाला थांबलो. गाडी झाडाखाली लावली होती. निघताना वायपर लावला तर तो जागचा हलेना. पाच-सात सेकंद नुसती घुरघुर झाली आणि मग तीही थांबली. समोर काचेवर पाण्याचे लोट, पुढे सगळा घाट. मला गाडी चालवायला लागून तेव्हा नऊ वर्षं झाली होती, पण फ्यूज बॉक्स कुठं असतो हे ठाऊक नव्हतं.

टपरीवर एक ट्रकवाले मामा बसले होते. "पावणं, फ्यूज बघितलाय का?" त्यांनी विचारलं. मी गप्प. त्यांनी स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं, नखानंच एक पिवळा फ्यूज उपसला आणि उजेडात धरला. आतली तार तुटलेली होती. झाकणातच एक जादा पिवळा होता, तो लावला. मी खूश होऊन वायपर सुरू केला. पुन्हा घुरघुर, पुन्हा शांतता. दुसराही गेला.

मग मामा म्हणाले, "आता फ्यूज नको. आधी त्याचं अडलंय कुठं ते बघू." बॉनेट आणि काच यांच्यामधल्या फटीत हात घालून त्यांनी मूठभर ओली पानं आणि बोटाएवढी काटकी बाहेर काढली. ती वायपरच्या बुडाशी अडकली होती. मागच्या काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरचा पिवळा फ्यूज काढून वायपरच्या जागी बसवला आणि मी घाट उतरलो.

त्यांनी पंधरा मिनिटांत जे केलं, तेच खाली पायरी-पायरीनं लिहितो. नंतरच्या वर्षांत माझ्या आणि आजूबाजूच्यांच्या गाड्यांवर हात चालवून जे कळलं, तेही घातलं आहे.

हाताशी काय हवं

- गाडीचं मॅन्युअल. सेकंडहँड गाडीबरोबर ते आलं नसेल तर बहुतेक कंपन्यांच्या साइटवर पीडीएफ मिळतं. फ्यूजच्या पानांचा फोटो फोनमध्ये ठेवा, घाटात रेंज नसते.
- गाडीला लागतील त्या आकाराचे जादा फ्यूज, प्रत्येक आकड्याचे दोन. आकडा म्हणजे फ्यूज किती ॲम्पियर करंटसाठी आहे ते.
- प्लास्टिकचा छोटा चिमटा. बऱ्याच गाड्यांत तो फ्यूज बॉक्सच्या झाकणातच खोचलेला असतो.
- टॉर्च, शक्यतो डोक्याला बांधायचा. स्टिअरिंगखाली वाकून एका हातात मोबाइल धरणं म्हणजे कसरत आहे.
- १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (एकीकडे टोक, दुसरीकडे तारेला चिमटा असलेला छोटा दिवा) किंवा साधा मल्टिमीटर.
- बॅटरीच्या टर्मिनलसाठी १० नंबरचा पाना.

घरातल्या स्विचबोर्डसाठी वापरतो तो निऑनचा टेस्टर इथे चालत नाही. त्यातला दिवा पेटायला गाडीच्या १२ व्होल्टच्या कितीतरी पट दाब लागतो. मी त्याच टेस्टरनं पहिल्यांदा तपासायला गेलो आणि सगळेच फ्यूज मेलेत असा निष्कर्ष काढून बसलो होतो.

१. आधी ठरवा, हे फ्यूजचंच दुखणं आहे का

काय-काय एकदम बंद पडलं ते पाहा. एकाच फ्यूजवर बऱ्याचदा दोन-तीन गोष्टी असतात. म्हणून रेडिओ आणि चार्जिंगचा सॉकेट एकदम गेला, किंवा तिन्ही ब्रेकलाइट एकदम गेले, की संशय फ्यूजवर जातो. ब्रेकलाइटच्या बाबतीत पॅडलमागचा स्विचही दोषी असू शकतो. एका बाजूचा इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल तर तो बल्ब गेल्याचा इशारा आहे, फ्यूज बघत बसू नका. एकाच दाराची काच अडली तर स्विच किंवा मोटर. चारही काचा एकदम अडल्या तर फ्यूज. सगळेच दिवे मंद आणि स्टार्टर मारला की टक-टक होत असेल तर बॅटरीकडे वळा.

हेडलाइटचं मात्र नीट लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळे फ्यूज असतात, म्हणजे एक उडाला तरी दुसऱ्यावर घरी पोचता यावं. त्यामुळे "एकच दिवा गेलाय, म्हणजे बल्बच" असं नक्की समजू नका.

२. बॉक्स शोधा, आणि तो एकच असेल असं समजू नका

आपल्याकडच्या गाड्यांत साधारण दोन बॉक्स असतात. एक आत, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर स्टिअरिंगखाली, नाहीतर डावीकडे ग्लोव्हबॉक्सच्या मागे. काही गाड्यांत डॅशबोर्डच्या अगदी कडेला, दार उघडल्यावरच दिसेल अशा झाकणामागे असतो. दुसरा बॉनेटखाली बॅटरीच्या शेजारी, काळं झाकण आणि बाजूला दाबायच्या खिट्ट्या. मोठ्या गाड्यांत तिसरा डिकीतही सापडतो.

आतल्या बॉक्समध्ये वायपर, रेडिओ, काचा, आतले दिवे अशी माणसांच्या सोयीची मंडळी असतात. बॉनेटखाली हेडलाइट, हॉर्न, रेडिएटरचा पंखा, एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), इंधनाचा पंप. गाडीगणिक यात फरक पडतो, पण शोधायला सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं.

३. झाकणावरचा नकाशा वाचा

झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये चौकोनांचा नकाशा असतो. त्यातली संक्षिप्त अक्षरं पहिल्यांदा कोड्यासारखी वाटतात. पी/डब्ल्यू म्हणजे पॉवर विंडो. एच/एल म्हणजे हेडलाइट आणि त्यापुढे एलओ असेल तर खालचा झोत. बी/यू म्हणजे रिव्हर्सचे दिवे. एसीसी म्हणजे चावी पहिल्या खटक्यावर असताना चालणाऱ्या गोष्टी, आयजी म्हणजे इग्निशन चालू असताना चालणाऱ्या.

आपल्या मॉडेलचं स्वस्त व्हेरियंट असेल तर नकाशात दाखवलेल्या काही जागा रिकाम्या असतात. तिथला फ्यूज कुणी चोरला असं समजू नका, ती सोय तुमच्या गाडीत नाही एवढाच त्याचा अर्थ.

काहीही उपसण्याआधी बॉक्सचा एक स्पष्ट फोटो काढा. फ्यूज कुठल्या खाचेतून निघाला हे पाच मिनिटांनी आठवत नाही.

४. गाडी बंद करा, मग उपसा

इंजिन बंद, चावी बाहेर, जो भाग बिघडलाय त्याचा स्विचही बंद. रस्त्यात असाल तर आधी गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि लाल त्रिकोण मागे लांब ठेवा. घाटात वळणावर असाल तर वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्याला आधी तो दिसेल असा.

छोट्या फ्यूजसाठी बॅटरी काढायची गरज नाही. चिमट्यानं पकडा आणि सरळ वर ओढा, डावीकडे-उजवीकडे हलवू नका. हलवलं की खालच्या पितळी खाचा फाकतात आणि मग नवा फ्यूज ढिला बसतो. ढिल्या खाचेचं दुखणं फ्यूज उडण्यापेक्षा वाईट, त्याबद्दल पुढे.

५. उडालाय का ते तीन रीतींनी बघा

पहिली रीत डोळ्यांची. आजचे फ्यूज प्लास्टिकचं डोकं आणि दोन चपटे पाय असे असतात. वरच्या पारदर्शक भागातून आतली वळणाची पट्टी दिसते. ती तुटली असेल तर फ्यूज गेला. इथे घाई न करता नीट बघा, कारण उडालेला फ्यूज कारणही सांगतो. पट्टी मधोमध अलगद वितळून तुटली असेल तर जास्त भार पडला, म्हणजे माझ्या वायपरसारखं काहीतरी अडलं होतं किंवा एकाच सॉकेटवर जास्त उपकरणं लावली होती. आत काळी काजळी आणि धातूचे कण उडालेले दिसले तर करंट एकदम उसळला, म्हणजे तार कुठंतरी थेट बॉडीला चिकटली, यालाच शॉर्ट म्हणतात. पट्टी शाबूत पण पायांजवळचं प्लास्टिक वितळलेलं, पिवळं पडलेलं असेल, तर दोष ढिल्या खाचेचा. कॉन्टॅक्ट नीट नसला की तिथं उष्णता साठते आणि फ्यूज न उडताच बॉक्स भाजून निघतो. अशा जागी नवा फ्यूज टोचून उपयोग नाही, ती खाच दुरुस्त करून घ्यावी लागते.

दुसरी रीत टेस्ट लॅम्पची, आणि ती मला सगळ्यांत आवडते, कारण फ्यूज काढावाच लागत नाही. लॅम्पचा चिमटा गाडीच्या उघड्या धातूला, म्हणजे बॉडी अर्थला लावा. चावी ऑन करा. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक भोकं असतात आणि त्यांत धातू दिसतो. दोन्हींवर टोक टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज ठीक. एकीकडे लागला, दुसरीकडे नाही, तर उडालाय. कुठल्याच बाजूला लागला नाही तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाही. चावी, रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा मागचा मोठा फ्यूज बघा.

तिसरी मल्टिमीटरची. २० व्होल्ट डीसीवर ठेवून हेच करता येतं, किंवा फ्यूज काढून बीपच्या खुणेवर ठेवा आणि दोन पायांना टोकं लावा. बीप वाजला की चांगला. डोळ्यांना शाबूत दिसणाऱ्या पट्टीलाही क्वचित केसाएवढी चीर असते, ती मीटरला सापडते.

६. नवा लावताना: तोच आकडा, तोच आकार

चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात. ५ ॲम्पियर बदामी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा किंवा पारदर्शक, ३० हिरवा, ४० नारिंगी. डोक्यावर आकडाही असतो. रंगावर विसंबू नका, आकडा वाचा. बॉनेटखालचे उभट, चौकोनी डबीसारखे फ्यूज असतात त्यांचे रंग वेगळे आहेत. चपट्यात हिरवा ३० चा असतो, डबीवाल्यात तोच हिरवा ४० चा. या एका गोष्टीनं भल्याभल्यांना फसवलंय.

आकाराचंही तसंच. नेहमीचा फ्यूज साधारण १९ मिलिमीटर रुंद, मिनी ११ च्या आसपास. मिनीमध्येही एक बुटका प्रकार येतो, त्याचे पाय डोक्याखाली जेमतेम दिसतात. दुकानात जाताना उडालेला फ्यूज खिशात घाला आणि काउंटरवर ठेवा, एवढं सोपं आहे. किमतीचं म्हणाल तर चहा-वड्याएवढा खर्च. नावही नसलेलं, शंभर फ्यूजचं रंगीबेरंगी पाकीट स्वस्त दिसतं, पण त्यांच्यावर छापलेल्या आकड्याचा भरवसा नसतो आणि वेळेवर न उडणारा फ्यूज हा नुसता पत्रा असतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. १५ चा मिळाला नाही म्हणून २० किंवा ३० चा लावायचा नाही. आपल्या घरांत जुन्या किटकॅट फ्यूजला एकाऐवजी चार पदर तार गुंडाळायची सवय होती, "आता उडणारच नाही" असं म्हणून. तीच खोड गाडीत येते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारेही मी पाहिलेत. फ्यूजचा आकडा ठरतो तो त्यामागच्या तारेच्या जाडीवरून. १५ चा फ्यूज काढून ३० चा लावला की सगळ्यांत कमजोर दुवा फ्यूज न राहता तार होते, आणि तार कार्पेटखाली, डॅशबोर्डमागे, कापसाच्या अस्तराला लागून जळते.

आमच्या शेजाऱ्यांनी एका ॲक्सेसरीच्या दुकानात मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवून घेतला. फ्यूज दोनदा उडाला तेव्हा दुकानातल्या मुलानं १५ च्या जागी ३० चा ठोकला. महिन्याभरानं गाडीत जळका वास यायला लागला. पॅनेल उघडलं तेव्हा हॉर्नच्या तारेचं इन्सुलेशन मेणासारखं ओघळलेलं होतं आणि शेजारच्या दोन तारांना चिकटलेलं.

थोडं गणित केलं की हे लगेच कळतं. वॉटला व्होल्टनं भागा. ६०/५५ वॉटचा नेहमीचा हेडलाइट बल्ब खालच्या झोतावर ५५ वॉट घेतो, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ४.६ ॲम्पियर. दोन मिळून नवाच्या आसपास. तिथे १०० वॉटचे दोन बसवले की साडेसोळा ॲम्पियरच्या पुढे गेलात. चार्जिंगच्या सॉकेटवर बऱ्याचदा १२० वॉटची मर्यादा लिहिलेली असते, म्हणजे १० ॲम्पियर. टायरमध्ये हवा भरायचा पंप तेवढं एकटाच ओढू शकतो, त्याच्या जोडीला दुसरं काही लावू नका. जास्तीचे दिवे, हॉर्न हवेच असतील तर बॅटरीपासून वेगळी जाड तार, तिच्या सुरुवातीलाच फ्यूज, आणि रिले. आहे त्या तारेत जोड मारून नाही.

अडचणीत कमी आकड्याचा चालेल का? हो, तात्पुरता. फार तर तो उडेल. रस्त्यात मामांसारखं दुसरीकडून उसनं घ्यायचं असेल तर ज्याच्याशिवाय घरी पोचता येतं त्याच्याकडून घ्या: डिफॉगर, सॉकेट, रेडिओ. ब्रेकलाइट, एबीएस, इंधनाचा पंप यांना हात लावू नका.

७. सुरू करून बघा, आणि लगेच उडाला तर थांबा

फ्यूज पूर्ण खाली दाबून बसवा, झाकण लावायच्या आधी चालवून बघा. चाललं तरी का उडाला हे शोधा.

फ्यूज दरवेळी क्षणार्धात उडतो असं नाही. चपट्या फ्यूजच्या मानकाप्रमाणे, आकड्याच्या दुप्पट करंट गेला तर तो पाच सेकंदांच्या आत उडायला हवा, पण सव्वापट-दीडपटीच्या दरम्यान असेल तर मिनिटं लागू शकतात. म्हणून माझा वायपर पाच-सात सेकंद घुरघुरला. अडकलेली मोटर भरमसाट करंट ओढते, फ्यूज तेवढा वेळ सहन करतो आणि मग सोडतो. चालू केल्यावर दहा मिनिटांनी उडणारा फ्यूज आणि चावी फिरवताक्षणी उडणारा फ्यूज, ही दोन वेगळी दुखणी आहेत.

कधी उडतो ते नोंदवा. चावी फिरवताच उडतो तर स्विचच्या आधीच्या तारेत शॉर्ट. ब्रेक दाबल्यावरच उडतो तर स्विचच्या पुढे. खड्ड्यात आपटल्यावर किंवा डिकी उघडल्यावर उडतो तर तार कुठंतरी घासतेय. डिकीच्या आणि दारांच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून तारा जातात, रोजच्या उघडझापीनं त्या तिथंच तुटतात. रबर बाजूला सारून बघा. पावसाळ्यात मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरतं आणि आत हिरवट गंज धरतो.

आणि उंदीर. गणपतीला गावी नेलेली गाडी गोठ्याशेजारी चार रात्री उभी राहिली की उंदीर बॉनेटमध्ये घर करतात. इंजिनवर कुरतडलेला फोम किंवा लेंड्या दिसल्या तर तारा तपासल्याशिवाय फ्यूज लावू नका.

शॉर्ट शोधायची एक जुनी वायरमनची युक्ती सांगतो. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब दोन तारांनी जोडायचा. बल्बमुळे करंट दोन ॲम्पियरच्याही वर जात नाही, म्हणून तार जळत नाही. शॉर्ट असेल तोवर बल्ब लख्ख पेटतो. आता त्या सर्किटवरची एकेक गोष्ट सुटी करत जा. ज्या क्षणी बल्ब मंद होतो किंवा विझतो, त्या शाखेत खोट आहे. दिवे, हॉर्न, सॉकेट यांच्यासाठी ही युक्ती ठीक. एअरबॅग आणि इंजिनच्या कॉम्प्युटरच्या सर्किटवर करू नका.

तिसरा फ्यूज उडाला आणि कारण सापडलं नाही की ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, आणि जाताना उडालेले तिन्ही फ्यूज बरोबर न्या. जाणता माणूस काजळी बघूनच अर्धं निदान करतो.

८. इथे हात घालू नका

एअरबॅगची जोडणी पिवळी असते, तिला लागून काही करायचं नाही. बॉनेटखाली नटांनी आवळलेले ६०, ८०, १०० ॲम्पियरचे जाड फ्यूज असतात. ते सहजासहजी उडत नाहीत. उडाले तर मोठं काहीतरी घडलंय, आणि तिथं काम करायचंच असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवावं लागतं. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत १२ व्होल्टचे छोटे फ्यूज आपण बदलू शकतो, पण नारिंगी केबल जिथं जिथं दिसेल ते शेकडो व्होल्टचं काम आहे, लांब राहा.

गाडी वॉरंटीत असेल तर फ्यूज बदलल्यानं काही बिघडत नाही, वायर कापल्यानं बिघडतं. तेवढी रेषा पाळा.

९. घरी आल्यावर

वापरलेले जादा फ्यूज पुन्हा आणून झाकणात ठेवा. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं गेली असतील तर ती लावून घ्या. काचा आपोआप वर जात नसतील तर मॅन्युअलमध्ये त्यांची रीसेट करायची पद्धत दिलेली असते, बहुधा बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं.

आणि उसना घेतलेला परत करा. मी नाही केला. त्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत माझ्या गाडीची मागची काच प्रत्येक पावसात धुक्यानं भरायची आणि मी डिफॉगर खराब झाला म्हणून गॅरेजला फोन करत होतो. एका रविवारी बॉक्स उघडला तेव्हा ती खाच रिकामी दिसली.